डाव्या बाजूचा ठोकळा

जानेवारी महिना, संक्रांतीनंतरचा रविवार, चार वर्षांपूर्वीचा. ठिकाण: हावड्याच्या बाजूला, नदीजवळचं मोडीत काढलेल्या गाड्यांचं आवार. हजर: मी, माझा नवरा अनिल, मिलिंद, ज्याला मी दरवर्षी भाऊबीजेला ओवाळते, आणि आवाराचे मालक निमाईदा. गैरहजर: मिलिंदची बायको ऋजुता. ती आमच्या घरी संध्याकाळच्या हळदीकुंकवाची तयारी करत होती.

इथपर्यंतचं मी कुणालाही सांगते. पुढचं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. अनिललाही नाही, आणि डब्यातल्या भाजीत मीठ जास्त पडलं तरी मी अनिलला फोन करून सांगते.

आधी गाडीबद्दल सांगायला हवं. कोलकात्यात आम्ही मराठी माणसं मोजकी, आणि त्यातली बरीचशी बदलीवर आलेली. जाताना फ्रिज, पडदे, कुंड्या मागे येणाऱ्याला द्यायच्या, अशी आमची रीत. तशीच एक जुनी लाल गाडी. ती किती घरांत फिरली हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मी एका खासगी कंपनीत स्टोअर्स बघते, इथेच कायमची आहे, त्यामुळे गाडीची देखभाल आपोआप माझ्याकडे आली. त्या वर्षी ती मिलिंदकडे होती. पुढचं डावं चाक खड्ड्यात आपटून लोअर आर्म, म्हणजे चाक धरून ठेवणारा खालचा दांडा, वाकला होता, दोन्ही शॉकअप गळत होते. ते मॉडेल बंद झालेलं, नवे भाग मिळेनात. निमाईदांकडे तशीच एक गाडी मागून ठोकलेली उभी होती — पुढचा भाग धडधाकट. ठरलं, आपणच जाऊन काढून आणायचे.

मी अशा कामाला नुसती जात नाही. काय करायचं, कुठल्या क्रमाने, कोणी — हे मी आधी ठरवते आणि सगळ्यांकडून वदवून घेते. मंडळातले लोक हसतात, पण गणपतीत माझ्याच शिस्तीवर चालतात. त्या दिवशीही निघताना अनिलच्या गाडीत मी सगळं म्हणून दाखवलं. गंजलेल्या नटांवर आधी तेल सोडायचं. शॉकअप अख्खा उतरवायचा. वरच्या मधल्या नटाला तिथे हातही लावायचा नाही, आत स्प्रिंग दाबलेली असते, ती उडाली तर तोंड फोडेल. आर्म उन्हात धरून चीर आहे का बघायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं: जॅक फक्त गाडी उचलायला. उचलली की खाली लाकडी ठोकळा, आणि ठोकळा हलवायचा असेल तर आधी गाडी खाली घ्यायची आणि मोठ्याने सांगायचं.

"बाई, आपण शॉकअप आणायला चाललोय की चंद्रावर?" मिलिंद म्हणाला.

"मेहुणेबुवा, चंद्रावरही ठोकळा लागतो," अनिल म्हणाला. "ही नेईल."

मिलिंद बजबजच्या एका तेलडेपोत अधिकारी. सुरक्षितता हेच त्याचं रोजचं काम. हसला, पण ऐकलं सगळं. आवारात पोचल्यावर त्याने माझ्या सांगण्यापलीकडची एक गोष्ट केली: काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या पोटाखाली सरकवलं. "डेपोतली खोड," म्हणाला.

डावी बाजू छान झाली. आर्म निघाला, शॉकअप निघाला. पण वेळ गेला. पाचला घरी बायका येणार होत्या. तिळाच्या वड्या थापायच्या राहिल्या होत्या, वाणाच्या वाट्या खोक्यातच होत्या. मला घाई झाली होती — नाही, घाई झाली होती असं म्हणणं म्हणजे कारण देणं. मला घाई करायची होती. फरक आहे ना?

ठोकळे तिथे बरेच होते, पण बाकीचे ओल लागून कुजलेले. भक्कम असा एकच. आणि तो डाव्या बाजूला, गाडीखाली. दुसरा शोधायचा, निमाईदांना हाक मारायची, की —

मिलिंद उठून हात पुसत होता. मी विचारलं, "डावीकडचं संपलं ना?" तो म्हणाला, "संपलं." अनिल निमाईदांबरोबर पत्र्याच्या खोलीत चहा घेत होता. मी वाकले, ठोकळा ओढला. गाडी जॅकवर तशीच राहिली. थोडी करकरली, पण राहिली. मी ठोकळा उचलून उजवीकडे नेला.

मोठ्याने सांगितलं नाही. हळूही नाही.

हेच सांगायचं आहे, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही पुष्कळ दिवस असंच वाटत होतं, की माझी चूक म्हणजे ही. पण चूक कुणाच्याही हातून होते. मी सांगायला बसले आहे ते चुकीबद्दल नाही.

उजवीकडून मला बॉनेटवरून मिलिंदची पाठ दिसली. तो पुन्हा डावीकडे जाऊन वाकला होता. एक बोल्ट गाडीखाली घरंगळला होता, तो घ्यायला. मला दिसलं. तोंड उघडायला वेळ होता का? होता, असं मला वाटतं. मी मनात म्हटलं — घेईल आणि उठेल.

जमीन ओली होती. जॅक कलला.

आडव्या ठेवलेल्या चाकाने मिलिंदचा खांदा वाचवला. हात चाकाच्या आणि पत्र्याच्या मध्ये सापडला. आवाज आला तो गाडीचा. मिलिंद ओरडला नाही, नुसता "ताई" म्हणाला. अनिल आणि निमाईदा धावत आले, त्यांनी जॅक पुन्हा लावून गाडी उचलली. मी माझ्या ओढणीने त्याचा हात बांधला. अशा वेळी मी फार चांगली असते. कुठलं हॉस्पिटल, कुठला रस्ता, कोणी पुढे बसायचं, सगळं मी सांगितलं, आणि सगळं बरोबर सांगितलं.

तेवढ्यात निमाईदांनी लाकडी ठोकळ्याची रिकामी जागा बघितली आणि विचारलं, "काठ किसने हटाया, दीदी?"

मी म्हटलं, "इसीने."

विचार करून म्हटलं नाही. पण न अडखळता म्हटलं. मिलिंद तिथेच चाकाला टेकून बसला होता, पांढराफटक. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती. तो आठवायचा प्रयत्न करत होता.

हॉस्पिटलच्या वाटेवर तो म्हणाला, "मला आठवतच नाही गं ताई. मी कधी काढला?"

आणि मी — शेजारी बसून, त्याचा हात धरून — म्हणाले, "घाईत होतं असं. आता त्याचा विचार करू नकोस."

तेव्हा सांगता आलं असतं. पुढेही कितीदा आलं असतं. ऑपरेशन झालं तेव्हा, टाके निघाले तेव्हा, ऋजुताने माझ्या गळ्यात पडून "तुम्ही होतात म्हणून" म्हटलं तेव्हा. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आता पूर्ण मिटत नाहीत. मंडळाच्या गणपतीत गोबिंदभोग तांदळाच्या पिठीचे मोदक तो वळायचा. इतक्या बारीक पाकळ्या आमच्यातल्या एकाही बाईला जमत नाहीत. आता तो नारळ खोवतो, तोही डाव्या हाताने. ऋजुता त्याला चिडवते, "ह्यांच्या हाताशी काही ठेवू नका हं, ह्यांनी ठेवलेल्या वस्तूला पाय फुटतात!" सगळे हसतात. तोही हसतो. मीही हसले आहे. एकदा तर ही थट्टा मीच सुरू केली, ऋजुता विसरली होती तेव्हा. का केली? पुष्कळदा विचार केला. ती गोष्ट त्याचीच आहे, हे सगळ्यांच्या तोंडून पुन्हा एकदा ऐकायचं होतं, दुसरं काय.

बोटांचं मी कदाचित पचवलं असतं. असली बाई आहे मी.

पण मिलिंद बदलला. रात्री गॅसचं बटण बघून येतो, मग पुन्हा जाऊन बघतो. लेकीला स्कूटरवर बसवत नाही. दोन वर्षांपूर्वी अख्ख्या डेपोच्या सुरक्षेची जबाबदारी त्याच्याकडे येत होती. त्याने नाही म्हणून कळवलं. कारण त्याने फक्त मला सांगितलं. "जो माणूस आधार काढतो आणि त्याला आठवतही नाही, त्याने तेलाच्या टाक्यांच्या तपासणीवर सह्या कशा करायच्या?" मी त्याला पोहे वाढत होते. मी वाढत राहिले.

त्या आवारात आम्हा सगळ्यांत एकच माणूस असा होता, ज्याने कुणी न सांगता गाडीखाली चाक सरकवलं होतं. तोच आज स्वतःला निष्काळजी समजतो, कारण मी तसं म्हटलं, आणि माझ्या शब्दावर त्याचा स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त विश्वास आहे.

गेल्या रविवारी तो घरी आला होता. बदलीची ऑर्डर आली आहे. नव्या ठिकाणी पुन्हा तेच पद देऊ करताहेत, ह्या वेळी मोठ्या डेपोचं. हवं की नको, शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. ऋजुताला वाटतं, घ्यावं. तो माझ्यासमोर बसून म्हणाला, "ताई, तू तिथे होतीस. तूच सांग. माझ्यासारख्याने घ्यावं का असलं काम?"

अनिल टीव्ही बघत होता. ऋजुता स्वयंपाकघरात कपात चहा ओतत होती. आम्ही दोघंच समोरासमोर होतो.

मी म्हटलं, "विचार करून सांगते."

त्यांच्या सामानाच्या ट्रकचं मी परवाच बोलून ठेवलं. लेकीच्या शाळेचा दाखला काल हातात आला. लाल गाडी नागपूरहून येणाऱ्या कुटुंबाकडे जायची आहे, त्यांच्याशी बोलणं झालं. आज बुधवार. मिलिंदला फोन करायचा आहे. अजून केलेला नाही.