एका पाण्यात धुतलेलं भांडं

मी सातवी नापास. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतो. रिटायर झालो तरी ठेवून घेतलंय. पडेगावहून रोज येतो, घरी बसून करू काय?

तिथं पीएचडीची एक पोरगी मँगनीज ऑक्साईडची पूड बनवते. विहिरीत टाकतात ते जांभळं औषध पाण्यात विरघळवायचं, त्यात दुसरं थेंबथेंब सोडायचं. तपकिरी गाळ बसतो. तो धुऊन भट्टीत वाळवायचा. कण लई बारीक, डोळ्याला दिसत नाहीत म्हणे. कापड रंगवून उरलेल्या पाण्यात चिमूटभर टाकली, वरून पेरॉक्साईड सोडलं, की रंग झटकन उडतो. पूड मात्र संपत नाही.

त्या गाळाचा डाग भांड्याला धरतो, माझ्या शर्टालाही. बायको तो लिंबाच्या सालीनं काढायची, तोंड चालूच. "भांडी धुता का भांड्यात लोळता?" मग एका तांब्यात शर्ट खळबळायची. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी.

ती गेली. तेरावं उरकून कामावर आलो तर डाग काढायचं ॲसिड संपलेलं. मी लिंबू आणलं, डागाळलेल्या भांड्याला चोळलं, अन् घरच्या सवयीनं भांडं एकाच पाण्यात खळबळलं.

दुसऱ्या दिवशी पोरीनं त्यात जांभळं पाणी ओतलं. दुसरं औषध पडायच्या आतच ते तपकिरी झालं. दोन दिवसांनी तिला सरांना पूड दाखवायची होती. वजन चुकलं असं समजून ती वही पुन्हापुन्हा चाळायला लागली. डोळे भरले.

मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं.

"पोरी, वही ठेव. भांडं मी लिंबानं धुतलंय."

"लिंबानं? मामा, इथं सरबत करायचंय का?"

"तुझी मामी असंच धुवायची."

तिनं वही मिटली. "मामींचं बरोबर होतं, डाग लिंबानं निघतो. पण भांड्यात राहिलेल्या रसानंच माझं जांभळं पाणी बिघडलं. त्यांना शर्टात पूड नव्हती बनवायची. नीट तीनदा धुवा."

मी चारदा धुतलं. पूड नव्यानं झाली. सरांसमोर रंगाचं निळं पाणी नितळ झालं. पोरगी माझ्याकडं बघून हसली.

त्या संध्याकाळी शर्टाला लिंबू चोळून एका तांब्यात खळबळला. डाग पुरता निघाला नाही. बायको असती तर शर्ट हिसकावून घेतला असता.