भागिरथामावशी आणि टाकीखालचा डबा

माझी मावशी भागिरथा कुणावर सहजासहजी विश्वास ठेवत नसे. दूधवाल्याचं माप ती स्वतः धरायची, आणि गोड बोलणाऱ्या माणसाकडे तर दुप्पट बारकाईनं पाहायची. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच तिनं ठरवलं होतं, ज्या घरात आपल्यासाठी पाणी वेगळं, त्या घरचं काम करायचं नाही. त्यापायी वाशीममधली तीन घरं तिनं सोडली. आम्हाला तिचा अभिमान होता आणि थोडी धास्तीही.

शहात्तर साली ती पंजाबरावांकडे लागली. माणूस मूळचा केनवडचा, सारी उमर जहाजावर इंजिनियर म्हणून गेलेली, बायको वारलेली. समुद्र सोडून आले, पण तो काही त्यांना सुटला नाही. बैठकीत काचेची मोठी टाकी, तीत मुंबईहून ट्रकनं पिंपात आणलेलं खारं पाणी आणि दोन नारिंगी मासे. टाकीखाली जर्मनीचा एक बंद डबा. एका नळीनं पाणी त्यात उतरायचं, आतल्या स्पंजातून आणि चिनी मातीच्या तुकड्यांतून गाळलं जायचं, आणि मोटर ते दुसऱ्या नळीनं वर चढवायची.

महिन्यातून एकदा डबा धुण्याचं काम मावशीचं. पंजाबरावांचा हुकूम एकच, "टाकीतलंच बादलीभर पानी काढ. त्याच्यातच स्पंज हलका पिळ. नळाले हात लावू नको."

या शेवटच्या वाक्यानं घात केला.

"घाण पान्यात घाण धुते काय कोनी?" मावशी घरी येऊन फणफणायची. "नळाले हात लावू नको म्हने! मले समजते सारं."

"पण तुझ्या हातचा चहा पितात ना ते?" मी म्हणायची.

"चहा उकळलेला रायते."

मग तिची पाळत सुरू झाली. माठातलं पाणी ते स्वतःच का घेतात? तांब्या पालथा का ठेवतात? जिकडेतिकडे तिला तेच दिसायला लागलं. मला तिचा राग यायचा, पण तिनं जे भोगलं ते मी भोगलं नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पंजाबराव पोस्टात गेले होते. मावशीनं स्पंज पिळून तपकिरी झालेलं बादलीतलं पाणी मोरीत ओतलं, नळ सोडला आणि स्पंज चांगला घासून पांढराफेक केला. चौथ्या दिवशी सकाळी मी तिच्यासोबत गेले, तर दोन्ही मासे उलटे तरंगत होते.

पंजाबरावांनी डबा उघडून स्पंज हातात घेतला. "नळाखाली धुतलं काय?"

"धुतलं. बाटला काय तुमचा नळ?"

त्यांनी स्पंज तिच्यापुढे धरला. "बाटला? अवं, त्या मळात बारीक जीव रायतात. माशाची घाण तेच खातात. नळाच्या पान्यात जंतू मारायची पावडर रायते, त्यानं ते मेले, अन् टाकीत जहर झालं. म्हनून नळ नको म्हनत होतो."

मावशीचा चेहरा उतरला. मासे तिनं स्वतः ओंजळीत काढले. मग म्हणाली, "हे मले पयले काहून नाई सांगतलं?"

पंजाबराव खोटं बोलणारे नव्हते. थोडा विचार करून म्हणाले, "तुले कायले सांगा? तुले तं फक्त धुवाचं होतं."

मावशीनं मासे परसात पुरले, हात धुतले आणि उद्यापासून येत नाही म्हणून सांगितलं. वाटेत मी तिच्यावर चिडलेच. निदान पाण्याचा संशय तरी खोटा निघाला, म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली. "पानी नाई, मलेच वेगळं ठेवलं त्यानं."