अर्ध्यावर थांबलेलं पातं

जालना रोडवरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. बावीस वर्षं झाली. रोज तीच हत्यारं धुवायची, उकळवायची, मांडायची. हाताला इतकी सवय होते की समोर दिसलेलंही मनापर्यंत पोचत नाही.

ती मुलगी मूळची सिल्लोडची. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तयार झालेले सुटे भाग मोजून पास करायची. दिवसभर तोंडावर मास्क, चष्म्यावर वाफ. वैतागून तिनं चष्मा घालवायला लेझर करायचं ठरवलं. सोबत आई आली होती.

तिचे डोळे खोल, बारके. पापण्या उघड्या धरायला आम्ही नेहमीचाच चिमटा लावला, बाजूला स्क्रू असलेला. डोळ्यावर कडं बसवलं. त्या कड्यावरून मोटरचं पातं सरकतं, बुबुळावरचा पातळ पापुद्रा कापतं. तो उलटवून खाली लेझर द्यायचा. पातं निघालं आणि मध्येच घरघरून थांबलं.

"आवाज बंद का झाला?" तिनं विचारलं. ती जागीच होती, भूल फक्त थेंबांची.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर सरांनी पातं मागे घेतलं, अर्धा कापलेला पापुद्रा जागच्या जागी बसवला. मग म्हणाले, "आज लेझर नाही करायचं. काप पुरा झाला नाही. रेटून केलं तर नजर बिघडेल."

बाहेर आईनं माझा हात धरला. "बाई, पोरीला दिसंल ना? खरं सांगा."

"दिसेल," मी म्हणाले. खात्री नव्हती.

दुपारी सरांनी चिमटा, कडं आणि पातं टेबलावर एकत्र जुळवून पाहिलं. स्क्रूचं टोक नेमकं पात्याच्या वाटेत येत होतं. मोठ्या डोळ्यात जागा उरते, म्हणून इतकी वर्षं निभावलं होतं.

"पात्याच्या कडेला ओरखडे होते, सर. मी दोनदा पाहिले होते."

"मग बोलला का नाहीत?"

त्या दिवसांत घरी गेल्यावर चप्पल काढायचंही त्राण नसायचं. ओरखडे पाहिले, पुसले, पुढचा ट्रे घेतला. सरांनी चिमटा उचलून बाजूला ठेवला. म्हणाले, "चिमटा तर मीच लावला होता."

दुसऱ्या दिवशी मुलगी तपासायला आली तेव्हा त्यांनी काहीही न लपवता सगळं तिच्यापुढं मांडलं. एका डोळ्यावर पट्टी होती; तिनं उघड्या डोळ्यानं हत्यारं निरखली, पातं हळूच सरकवून पाहिलं.

"इथं क्लिअरन्सच नाय की, पातं सरकायला जागाच नाय. आमच्याकडं असं आलं तर मी पास करत नाय."

ती चिडून बोलली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसतं कामाचं बोलली.

तीन-साडेतीन महिन्यांनी सरांनी पातं न वापरता वरचा नाजूक थर काढून दोन्ही डोळ्यांना लेझर दिलं. चार दिवस तिनं डोळ्यांतून पाणी गाळत, अंधाऱ्या खोलीत काढले. नजर आली. पहिल्या डोळ्याला मात्र दिव्याभोवती पुसट वलय राहिलं.

आता बारक्या डोळ्यांसाठी बिनस्क्रूचा बारीक तारेचा चिमटा आहे, आणि प्रत्येक ऑपरेशनआधी मी टेबलावर चिमटा आणि कडं जुळवून पातं एकदा रिकामं चालवून बघते. त्यानं कामाचा वेळ वाढतो, पाय आणखी दुखतात. परवा ती तपासणीला आली होती. वलयाचं विचारलं तर म्हणाली, "हाय अजून. लई नाय. चालतंय."

मी तिच्या कागदावर तेवढंच लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.