लॅपटॉपला चादर

कोऱ्या चादरीची घडी मोडली की खळीचा वास येतो आणि मला सात रस्ता चौकातलं ते लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आठवतं. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी लॅपटॉप घेतला होता. घरात फक्त माझी म्हणावी अशी ती पहिलीच वस्तू. चार-पाच वर्षांनी तो तव्यासारखा तापून मध्येच बंद पडायला लागला. मुलगा म्हणाला, "आई, टाकून दे की. संध्याकाळी माझा वापर." म्हणजे पुन्हा मागून घ्यायचं! मी तडक दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "काकू, लई जुना हाय. नवाच घ्या की." "आधी उघडून तर दाखवा," मी म्हटलं. आत काय असतं ते बघायची हौस मला पहिल्या दिवसापासून होती. त्यानं स्क्रू काढले, मी मान लांब करून बघत राहिले. पंख्यात चिमटा घालून त्यानं निळ्या सुताचा हा एवढा बोळा ओढून काढला. "काकू, आत माग बसवलाय काय?" "धूळ असेल," मी साळसूदपणे म्हटलं. खरं तर धूळ लागू नये म्हणून ही साठीतली शहाणी त्याला चालू असतानाच निळ्या चादरीत गुंडाळून ठेवायची! पंखा साफ झाला आणि लॅपटॉप गार पडला. घरी मी ऐटीत सांगितलं, "मोठा बिघाड होता, निघाला." आज त्याच लॅपटॉपवर, खाली लाकडी पाट घेऊन, हे लिहितेय. मुलगा वाचेल तेव्हा त्याला कळेल, बिघाड आईत होता.