सासूचं घोरणं

घानातल्या कुमासीच्या बाजारात नाव नसलेल्या कापडाला बायका हातही लावत नाहीत, आणि नाव देण्यात कापडवाल्या फ्रेमामावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. सासूच्या घोरण्यानं रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तशीच चरफडत दुकानात आली, तर समोर तपकिरी लाटांचं नवं कापड. "हे तर सासूचं घोरणं!" ती कडाडली. झालं! गावभरच्या सुनांनी त्या कापडावर उड्या टाकल्या. सासूशी वाजलं की सून तेच नेसून अंगणात मिरवायची. तोंड उघडायची गरजच नाही.

यंदा मावशीच्या मुलाचं लग्न झालं, घरात सून आली, आणि मावशी गिऱ्हाइकांवर डाफरू लागली, "याला आता 'शांत नदी' म्हणायचं! जुनं नाव घेणारीला कापड मिळणार नाही."

"बरं बाई, शांत नदी द्या," बायका खिदळायच्या, "पण जिला सासूचं घोरणं म्हणतात तीच हं!"

रविवारी सकाळी चर्चला निघताना सून अडोमा नेमकं तेच कापड नेसून बाहेर आली. मावशीनं तिला खालून वर न्याहाळलं.

"छान दिसतंय गं," ती जपून म्हणाली. "शांत नदी ना?"

"हो आई," अडोमा गोड हसली. "काल रात्रभर वाहत होती."