सहाणेवर झिजलेली गारंबी

सरक गं जवळ, कागदावर का होईना. विरारला राहतेस, सातासमुद्रापार नाही. तरी आमच्या गासच्या वाडीत नातीचं पाऊल म्हणून नाही! ते राहू दे, गारंबीचं ऐक.

विहिरीपाशी आंब्यावर चढलेला जाडजूड वेल आठवतो ना, ज्यावर तू झोके घ्यायचीस? सासूबाईंनी कामणच्या रानातून बी आणून लावलेला. रस्ता रुंद केला त्यात आंबा गेला, त्याबरोबर वेलही. त्याच्या हातभर शेंगांतल्या दोनच बिया माझ्या औषधाच्या डब्यात उरल्या. एक अखंड, चकचकीत. दुसरी सहाणेवर उगाळून एका अंगाने झिजलेली. तुझ्या वेळच्या बाळंतपणात तुझ्या आईच्या कंबरेला मी तिचाच लेप लावायचे.

वेल पुन्हा वाडीत दिसावा, एवढंच मनात होतं. मी शहाणीने अखंड बी निवडली. रोज पाणी घातलं. दोन महिने झाले, काही नाही. तुझे आजोबा म्हणाले, "अगं, किती पानी पाजशील? तिला तहान नाय!" उकरून बघते तर बी होती तशीच, ठणठणीत.

मग जीव मुठीत धरून झिजकी लावली. ही कुजली तर संपलंच. पण ती फुगली! उगाळून टरफल पातळ झालेलं, तिथूनच ओल आत शिरली असणार. बीची दोन जाड दळं टरफलातच मातीत राहिली आणि वर आला नुसता दांडा. पेन्सिलीएवढा जाड, अंगावर बारीक खवले, पान एकही नाही. हातभर वाढला तरी बोडकाच.

"ही काठी कोनी रोवली?" म्हणत आजोबा उपटायलाच वाकले.

"हात लावाल तर आज जेवण नाही!"

"बरं बाई, मग काठीलाच वाढ."

आठवड्याने तिला पान फुटलं, पानाच्या टोकाला दोन फाट्यांचा ताणा. मला तेव्हा कळलं, दळांतल्या शिदोरीवर ती आधी उंची गाठत होती. रानातल्या सावलीत उजेड वरच असतो ना! आता ताण्याने मी शेजारी रोवलेल्या बांबूला विळखा घातलाय. आजोबा सकाळी चहाआधी तिलाच बघायला जातात.

अखंड बीही मी सहाणेवर एका अंगाने घासून ठेवलीय, पण लावली नाही. तुझ्या वेळच्या लेपामुळे झिजकीला वाट मिळाली, तेव्हा ही तुझ्याच हाताने मातीत जायची. विहिरीपलीकडे खड्डा तयार आहे. रविवारी ये, पोरी. जेवायलाच ये.