दोन स्पीकरांच्या मधोमध

मेटल म्हटलं की लोकांना गोंगाट आठवतो. पण त्या संगीतातला एक जगप्रसिद्ध गिटारवाला काही गाण्यांच्या सुरुवातीला सगळी करकर काढून टाकतो आणि एकेक तार नुसती सोडून देतो. गार, स्वच्छ, किंचित हलणारा आवाज. विहिरीच्या पाण्यात दिवा दिसावा तसा. ते हलणं कोरस नावाच्या इफेक्टचं. कोरस म्हणजे सुराला त्याचीच थोडी मागेपुढे होणारी सावली जोडायची. आम्ही पोरं त्या आवाजाला नुसतं 'क्लीन' म्हणायचो.

तो आवाज मला कलेसाठी नको होता. मला तो एका माणसाच्या तोंडावर मारायचा होता.

हा माणूस माझ्या कॉलेजातल्या बँडचा लीड गिटारिस्ट. मी त्याच्या शेजारी दुसरी गिटार वाजवायचो. माझे वडील ओझरला कारखान्यात फिटर, घरात संगीत म्हणजे रेडिओ. गिटार मी स्वतःच्या कमाईतून घेतली, आणि ती कमाई मी गणपती मंडळांना स्पीकर भाड्याने लावून केली. बँडचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, माझा, माइक माझे, वायरी माझ्या, ते वाहून नेणारा टेम्पोही मीच ठरवलेला. गाण्याची क्लीन सुरुवात वाजवायचं कामही माझ्याकडे होतं. ती मी बोटं सोलेपर्यंत घोटली होती.

कॉलेजांच्या स्पर्धेत आम्ही वाजवलं आणि जिंकलो. टाळ्या पडल्या, मीही वाकून नमस्कार केला. नंतर वायरी गुंडाळताना तिथला साउंडवाला माझ्याकडे बघून हसायला लागला.

"काय झालं?"

"भाऊ, तुझी लाइन फक्त तुझ्या पायाशी वाजत होती, बाहेर बंदच होती की. तुमच्या लीडनं सांगितलं होतं, सुरुवात पण त्याचीच बाहेर गेली. म्हणाला, त्याला नुसता उभा राहू द्या, सामान त्याचं आहे म्हणून घेतलाय."

मी तसाच लीडकडे गेलो. तो नाकारेल असं वाटलं होतं. त्याने खांदे उडवले. "अरे, जिंकलो ना? क्लीन वाजवायला कान लागतो. तुझ्या कानात पत्रा आहे. तू सामान बघ, ते तुला जमतं."

मी त्याची कॉलर धरली. ड्रमरने सोडवलं. बँड तिथेच संपला. पण ते वाक्य संपलं नाही. पुढे मी सेकंडहँड वाद्यांचं आणि साउंड भाड्याने देण्याचं दुकान टाकलं, ते वाढवलं, शहरातले निम्मे कार्यक्रम माझ्या स्पीकरांवर व्हायला लागले, तरी कुणी 'कान' शब्द उच्चारला की माझं डोकं तापायचं. त्याने गंगापूर रोडला गिटारचा क्लास काढला. पोरं त्याला सर म्हणतात. तो मोबाइलवर व्हिडिओ टाकतो, आणि त्याच्या ज्या व्हिडिओला लोक सगळ्यात जास्त डोक्यावर घेतात तो नेमका त्याच आवाजाचा: 'तो क्लीन टोन घरी कसा काढायचा.' मी तो पाहिला. हेडफोनवर आवाज चांगला होता, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी विनाकारण भांडलो आणि ठरवलं, हा आवाज मी ह्याच्यापेक्षा चांगला काढणार, आणि लोकांसमोर काढणार.

त्यासाठी अँप लागणार होता. तो गिटारवाला क्लीनसाठी ज्या जातीचा अँप वापरतो त्यात एकाच पेटीत दोन स्पीकर असतात आणि कोरस आतच बसवलेला असतो. नवा घेण्यात मला रस नव्हता, ते कुणीही करतं. मी जुना शोधत होतो आणि तो मला विंचूरजवळच्या एका मळ्यात सापडला. तिथल्या म्हाताऱ्याची पूर्वी बेंजो पार्टी होती. वरातीपुढे वाजणारी, हातगाडीवर स्पीकर लावलेली. पार्टी मोडल्यावर सगळं सामान कांद्याच्या चाळीत पडलं होतं.

अँप मला लांबूनच दिसला. मी त्याच्याकडे पाठ केली आणि फुटक्या कर्ण्यांचा भाव करायला बसलो.

"बाबा, हे कर्णे भंगारात पण कुणी घेणार नाही."

"मंग तू कामून आला इतक्या लांब? भंगार तर नाशकात बी हाय."

"बरं, असं करा. सगळंच देऊन टाका, चाळ मोकळी होईल. ती काळी पेटी पण टाका त्यात."

म्हातारा हसला. "आता बोलला बघ. आल्यापासून तिच्याकडं पाठ करून बसला तू. आवडत्या पोरीकडं असंच पाठ करून बसत्यात."

माझ्या धंद्यात मला असं कुणी पकडलेलं नाही. मी चिडलो, उठलो, गाडीपर्यंत गेलो, परत आलो. शेवटी त्याने त्याला हवा तो भाव घेतला आणि वर कांद्याची गोणी माझ्या गाडीत टाकली. "पेटी लय गुणाची हाय," तो म्हणाला. "फकस्त ते बटण फिरत नाय. पोरं ते कमी करायची, म्हणून मीच लांबी भरून गच्च केलं."

बघितलं तर खरंच. नळाच्या जोडाला लावतात ती लांबी भरून त्याने कोरसचं बटण शेवटच्या टोकाला कायमचं बसवलं होतं. वरातीत शेवटच्या माणसाला इफेक्ट कळला पाहिजे, नाहीतर भाड्याचे पैसे कशाचे?

मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मीही त्याच शाळेतला. स्टेजचा आमचा नियम एकच: जे लावलंय ते ऐकू आलं पाहिजे. एको लावला तर पाहुण्यांच्या भाषणातही घुमला पाहिजे. दुकानात मी अँप उघडून साफ केला. स्पीकरच्या जाळीमागून कांद्याचे पापुद्रे निघाले. मग रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून मी वाजवायला बसायचो. तारांचा आवाज उचलणारे, बॅटरीवर चालणारे पिकअप असलेली गिटार, आवाज एकसारखा दाबून ठेवणारा कंप्रेसर, मोकळ्या खोलीसारखा घुमारा देणारा थोडा रिव्हर्ब, सगळं वाचून वाचून जमवलं. आणि तरी दरवेळी निघायची ती वरातच. आवाज झुलायचा, उलटी येईल इतका झुलायचा. एकदा मी रागाने तार छेडायचा प्लेक्ट्रम भिंतीवर फेकला आणि बायकोला फोन करून सांगितलं की तो बरोबर बोलला होता.

"कोण?" ती म्हणाली.

"कुणी नाही."

"मग त्या कुणी नाहीसाठी जेवण गार करू नका. या घरी."

गुंता सुटला तो एका बिघडलेल्या मालामुळे. एक गिऱ्हाईक हेडफोन परत घेऊन आलं, उजवी बाजू मेली म्हणून. तपासायला मी तेच मूळ गाणं लावलं. डाव्या कानात गिटार आली ती अगदी कोरडी, साधी, हलणं जवळपास नाहीच. डावी-उजवी लाइन अदलाबदल करून उजवी बाजू त्याच चालू कानात घेतली, तिचंही तसंच. आणि चांगल्या हेडफोनवर दोन्ही एकत्र आले की तो आवाज. म्हणजे झुलणं एका बाजूला नव्हतंच. ते दोन साध्या आवाजांच्या मधे होतं.

मी अँपसमोर आलो. त्याच्या दोन स्पीकरांपैकी एक साधा वाजतो, दुसरा किंचित हलता, आणि दोघांची भेट हवेत होते. तुम्ही मधोमध उभे असलात तरच. मी इतके दिवस एका बाजूला स्टुलावर बसून ऐकत होतो आणि कमी पडतंय म्हणून बाकी सगळं वाढवत होतो. छिन्नी घेतली आणि म्हाताऱ्याची लांबी फोडली. कोरस खाली, खाली, अजून खाली आणला, आहे की नाही असं वाटेपर्यंत. स्टूल मधोमध ओढून बसलो, तारा जिथे खाली टेकतात त्या घोडीजवळ हलक्या छेडल्या आणि एकमेकींत वाजत राहू दिल्या.

आला. मी उठलो नाही. पहिल्यांदा मनात आलं ते सुंदर वगैरे काही नव्हतं. मनात आलं, आता ह्याला पकडतो.

फार वाट बघावी लागली नाही. गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर जुन्या मेटलवाल्यांची संध्याकाळ ठरली. लग्नाचा सीझन नव्हता म्हणून लॉन्स मिळालं होतं, स्टेजवर नवरा-नवरीच्या सोनेरी खुर्च्या अजून तशाच. साउंडचं काम माझ्याकडे आलं. कार्यक्रमाची सुरुवात तोच करणार होता, त्याच गाण्याने.

दुपारी आवाज तपासायला तो विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन आला. पायाने चालवायचा, सगळे इफेक्ट देणारा महागडा प्रोसेसर, त्यातून एक वायर. ती त्याने माझ्याकडे न बघता पुढे केली.

"साउंडवाले, ही घ्या लाइन."

घेतली. आमच्याकडे मांडवात सगळं एकाच लाइनने जातं, म्हणजे डावीकडच्या पाहुण्यालाही तेच आणि उजवीकडच्यालाही तेच. मी नेहमीसारखंच जोडलं, एक कणही वाकडं केलं नाही. त्याची लाइन बंद करायला मला एक बोट पुरलं असतं. ते बोट मी खिशात ठेवलं. तसं केलं असतं तर त्याने साउंडवाल्याला शिव्या घातल्या असत्या, आणि मला त्याच्या शिव्या नको होत्या, त्याची कबुली हवी होती.

त्याने वाजवलं. डावा-उजवा एकमेकांत कोंबले गेले आणि लॉन्सभर एक पातळ, डगमगता आवाज पसरला. त्याने बटणं फिरवली. अजून पातळ.

एक मुलगी म्हणाली, "सर, व्हिडिओत असा नव्हता ना?"

"साउंडवाल्यांना कळत नाही गं," तो म्हणाला. मग माझ्याकडे, "अरे, काय केलंस तू?"

"तू एक वायर दिलीस, मी एक वायर जोडली. आता तू सांग काय कमी आहे. कान तुझा."

मी माझ्या पोरांना सांगून स्पीकरांचे दोन्ही ढीग स्टेजच्या कडांवरून उचलून मधे आणवले, नवरा-नवरीच्या खुर्च्यांइतके जवळ. माझा अँप वर चढवला, दोन्ही स्पीकरांना वेगळे माइक लावले, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. विद्यार्थ्यांना लॉन्सच्या मधोमध उभं केलं. आणि वाजवलं.

ती मुलगी नुसती "आईशप्पथ" म्हणाली. तो पायऱ्या उतरून मधे गेला, ऐकलं, डावीकडे सरकला, परत मधे आला. त्याला कळलं होतं. कान त्याला आहे, ते मी कधीच नाकारलं नाही.

मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाड्याने दे. सांगशील ते."

"भाडं नको. सुरुवात मी वाजवणार."

"वेडा झालास का? लोक माझ्यासाठी येतायत."

"मग तुझ्या आवाजात वाजव. मी कशाला हात लावणार नाही, शब्द देतो."

त्याने थोडा विचार केला. "असं करू. तू मागे वाजव, पडद्याआड. मी पुढे उभा राहतो. आवाज तुझा, कार्यक्रम वाचला, कुणाला कळणारही नाही."

आयुष्यात माझ्याशी अनेकांनी घासाघीस केली, पण इतका निर्लज्ज भाव कुणी सांगितला नव्हता. मी त्याच्या तोंडावर हसलो. "नाही. आणि आता भाव वाढला. माइकवर तू स्वतः सांगायचं की सुरुवात कोण वाजवणार."

"पोरांसमोर माझी काय राहील?"

"जितकी माझी राहिली होती तितकी."

संध्याकाळी त्याने सांगितलं. "सुरुवात माझा एक जुना मित्र वाजवेल," असं हसत हसत. मी माइक ओढून म्हटलं, "मित्र नाही. ह्यांचा सामानवाला." लोकांना विनोद वाटला, ते हसले. तो हसला नाही. मग मी वाजवायला लागलो आणि हसू थांबलं. एक सूर जरासा चुकला, तो मला अजून टोचतो. बाकी सगळं तसंच आलं. गाण्याचा जड भाग सुरू झाला तेव्हा तो त्याचा होता, त्याने तो चांगला वाजवला, आणि मी अँपजवळ सोनेरी खुर्चीत जाऊन बसलो.

लोकांना वाटतं बदला घेतला की माणूस हलका होतो. मला तसं काही झालं नाही. मला आणखी हवा होता, आणि तो मला मिळतोय.

कारण आता तो दुकानात येतो. पहिल्यांदा आला तेव्हा सरळ अँपचा भाव विचारला. मी म्हटलं, विकायचा नाही. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय, आणि कुणालाही तेच वाटलं असतं, माझ्या दुकानात विकायचं नाही असं काही नसतंच. पुढच्या वेळी त्याने आपली एक चांगली गिटार बदल्यात देऊ केली. मी ती हातात घेतली, मान पाहिली, तारीफ केली आणि परत दिली. मी त्याला चहा देतो. मधोमध खुर्ची टाकून बसवतो, जिथे आवाज सगळ्यात चांगला येतो तिथे, आणि ती सुरुवात वाजवतो, जड भागाच्या अलीकडेपर्यंत. तो डोळे मिटून ऐकतो. मी डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघतो. मग अँप बंद करतो.

गेल्या रविवारी तो चिडला. "विकायचा नाही ना? मग दरवेळी ऐकवतोस कशाला?"

"म्हणूनच," मी म्हटलं, आणि त्याला विचारलं, अजून एक चहा घेणार का.

त्याने घेतला.